तापाची वर्दी

सन २०२० च्या मार्च महिन्याच्या ८ तारखेस, रविवारी, बंगळूर शहरातील बालवर्ग पुढील हुकूम होईपर्यंत बंद ठेवावेत असा निर्णय कर्नाटक सरकारने जाहीर केला. दुसऱ्या दिवशी, अमेरिकेहून परतलेल्या एका संगणक अभियंत्याच्या रूपाने राज्यातील पहिल्या कोविड रुग्णाची नोंद झाली आणि शहरातील पाचवीपर्यंतच्या वर्गांनाही तोच हुकूम लागू करण्यात आला. राष्ट्रव्यापी टाळेबंदी सुरू व्हावयास त्या वेळी अद्याप पंधरवडा बाकी होता. चित्रपटगृहे चालू होती, बाजार भरत होते, मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर नित्याची दाटी होती. ज्या मुलांना सर्वांत आधी घरी पाठविण्यात आले, तीच सर्वांत शेवटी परतली. दुसरी लाट ओसरल्यावर नववी ते बारावीचे वर्ग २३ ऑगस्ट २०२१ रोजी भरले, सहावी ते आठवीचे ६ सप्टेंबरला, पहिली ते पाचवीचे २५ ऑक्टोबरला, आणि बालवर्ग व अंगणवाड्या ८ नोव्हेंबरला. मार्च २०२० मध्ये पहिलीच्या बाकावरून उठलेले मूल पुन्हा बाकावर बसले ते तिसरीत.

या निर्णयाला आज दूषण देणे सोपे आहे आणि मला ते द्यावयाचे नाही. ज्या रोगाची गती, रीती आणि मारकता यांपैकी एकही गोष्ट निश्चित ठाऊक नव्हती, त्याच्यापुढे सरकारने लहान मुलांना प्रथम आडोशाला घेतले, यात स्वाभाविक वत्सलताच होती; शिवाय मूल आजारी पडले नाही तरी ते घरातल्या आजी-आजोबांना आजारी पाडील, ही भीती निराधार नव्हती. परंतु आडोसा किती उपयोगी पडला हे तपासण्याचे साधन आता आपल्या हाती आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये देशभर केलेल्या चौथ्या रक्तद्रव पाहणीत सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांच्या आणि दहा ते सतरा वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. मुलांसाठी लस तेव्हा उपलब्ध नव्हती, आणि देशाच्या बहुतेक भागांत लहानांच्या शाळा वर्षाहून अधिक काळ बंद होत्या. म्हणजे शाळेचे फाटक बंद असतानाच विषाणू निम्म्याहून अधिक मुलांपर्यंत पोहोचला होता; कामावर जाणाऱ्या वडीलधाऱ्यांबरोबर, एका खोलीत सहा माणसे निजणाऱ्या घरांतून, सार्वजनिक नळावरून आणि किराणा दुकानातून तो गेला.

फाटक बंद राहिल्याने जे गेले त्याची मोजदाद याच शहरातील अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी जानेवारी २०२१ मध्ये केली. पाच राज्यांतील १,१३७ सरकारी शाळांतील १६,०६७ मुलांच्या या पाहणीत असे दिसून आले की, आदल्या वर्षी अवगत असलेले भाषेचे किमान एक कौशल्य ९२ टक्के मुले गमावून बसली होती आणि गणिताचे किमान एक कौशल्य ८२ टक्के मुले. त्याच्या जोडीला माध्यान्ह भोजन गेले. २००० साली बंगळूरच्या अक्षयपात्र संस्थेने पाच शाळांतील दीड हजार मुलांपासून ज्या कार्याला आरंभ केला, आणि २०१३ पासून कर्नाटक सरकारच्या क्षीरभाग्य योजनेने ज्यात ऊन दुधाची भर घातली, त्या ताज्या आहाराच्या जागी कोरडा शिधा घरी पोहोचविण्याची तजवीज करावी लागली. शिधा घरी आला की तो घराचा होतो, सर्वांत वाटला जातो, आणि मुलाच्या ताटात त्यातले किती पडते हे पाहणारे कोणी उरत नाही.

पाहणारे कोणी उरत नाही, या हानीचा उल्लेख सर्वेक्षणांत क्वचितच येतो. माझ्या मते मात्र ती सर्वांत मोठी होती. घराबाहेरचे एक प्रौढ, जबाबदार माणूस मुलाकडे दररोज डोळे भरून पाहते, अशी आपल्या समाजात एकच संस्था आहे. मुलाचे डोळे लाल आहेत, काल खेळलेले मूल आज बाकावर डोके टेकून बसले आहे, फळ्यावरचे त्याला दिसत नाही, अंगावर पुरळ आहे, किंवा मारल्याचा वळ आहे, हे शिक्षिकेला वर्गात शिरल्यापासून दहा मिनिटांत कळते.

या दृष्टीला शास्त्राची जोड द्यावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे शहरात १९०९ साली शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली आणि तीच हिंदुस्थानातील शालेय आरोग्यसेवेची प्रारंभरेषा मानली जाते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या संस्थानिकाला ही गोष्ट सुचावी हे सुसंगतच आहे. राज्याने मुलाला शाळेत यावयास भाग पाडले, तर तेथे त्याचे शरीर सुरक्षित राखण्याची जबाबदारीही राज्यावर येते. तो धागा पुढे फारसा कोणी धरला नाही. १९४६ च्या भोर समितीला देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ अस्तित्वातच नाही असे नमूद करावे लागले. २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारी फिरती पथके आली. ही पथके शाळेत वर्षातून एकदा येतात. बाकीचे सर्व दिवस शिक्षिकेचे डोळे हीच आरोग्यसेवा असते.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या असता न्यूयॉर्कने त्या चालू ठेवल्या. तेथील आरोग्याधिकारी रॉयल कोपलंड आणि बालस्वास्थ्य विभागाच्या प्रमुख डॉ. जोसेफीन बेकर यांचा युक्तिवाद असा होता की, शहरातील सुमारे दहा लाख शाळकरी मुलांपैकी बहुसंख्य मुले कोंदट चाळींत राहतात. शाळेत त्यांना उजेड मिळतो, हवा मिळते आणि सकाळी त्यांना तपासणारे मनुष्य मिळते. तेथे सकाळी मुलांना गटागटाने उभे करून न्याहाळले जाई, आजारी दिसणाऱ्यास वेगळे काढून घरी पाठवीत, आणि गैरहजर मुलाच्या घरी शालेय परिचारिका चौकशीस जाई. शाळा उघडी ठेवण्याचे धाडस त्यांना करता आले, कारण त्या शहराने दशकभर आधीपासून शाळांतून परिचारिका नेमल्या होत्या. ती पूर्वतयारी नसताना केवळ शाळा उघड्या ठेवण्याचे अनुकरण कोणी केले असते, तर तो अविचार ठरला असता.

परंतु परिचारिका असो वा शिक्षिका, तिचे डोळे जेथे पोहोचत नाहीत तेथील हकीकत तिला घराकडूनच कळावी लागते. मुलाला रात्री ताप होता, घरात काका खोकतो आहे, मागच्या आठवड्यात शेजारी माणूस दगावले, ही वर्दी घराने शाळेला वेळेवर आणि निर्भयपणे दिली, तर उरलेल्या व्यवस्थेला अर्थ आहे. साथीच्या दिवसांत घरे ही वर्दी देत नाहीत. का देत नाहीत, याचे उत्तर शोधावयास मराठी माणसाला दूर जावे लागत नाही.

१८९७ च्या ४ फेब्रुवारीस मुंबईच्या प्लेगाच्या दडपणाखाली साथरोगांचा कायदा संमत झाला, तोच कायदा १२३ वर्षांनंतर कर्नाटकाने कोविडचे नियम करताना प्रथम हाती घेतला. त्या कायद्याच्या बळावर पुण्यात रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडत्या घेतल्या, रुग्णांना उचलून विलगीकरणाच्या छावणीत नेले, सामान जाळले. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले आणि लपविलेल्या रुग्णाबरोबर रोग घराघरांत मुक्कामास राहिला. त्याच दिवसांत त्याच पुण्यात एक शिक्षिका उलट दिशेने चालत होती. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले यांनी त्याला आपले चिरंजीव डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात पोहोचविले, आणि त्या सेवेत स्वतःस लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. वर्दी कोणाला द्यावीशी वाटेल, झडतीच्या शिपायाला की पाठ पुढे करणाऱ्या बाईंना, हे सांगावयास नको.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १८९८ मध्ये, हुबळीकडून रेल्वेमार्गाने प्लेग बंगळुरात आला. जुन्या पेठेची दाट वस्ती त्यात होरपळली, लोक शहर सोडून माळावर राहिले, आणि त्या अनुभवानंतर मल्लेश्वरम् व बसवनगुडी या रुंद रस्त्यांच्या, मोकळ्या परसांच्या वसाहती झपाट्याने आकारास आल्या. शहराने तेव्हा हवेची किंमत ओळखली. भीतीची किंमत मात्र ओळखली नाही, असे जुलै २०२० मध्ये डोमलूर भागात घडलेल्या प्रकारावरून म्हणावे लागते. एका इमारतीत रुग्ण आढळताच महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी शेजारच्या दोन सदनिकांची दारे बाहेरून पत्रे ठोकून बंद केली. एकीत दोन लहान मुलांसह त्यांची आई होती आणि दुसरीत वृद्ध दांपत्य. बोभाटा झाल्यावर पत्रे निघाले, महापालिका आयुक्तांनी जाहीर दिलगिरीही व्यक्त केली. पण पत्रे ठोकलेल्या दारांचे छायाचित्र तोवर शहरभर फिरले होते, आणि ते पाहणाऱ्या किती आयांनी आपल्या मुलाचा खोकला शाळेच्या गटावर कळविला असेल?

हे चित्र बदलू शकते, याचा पुरावा त्याच्या एक महिना आधी याच राज्याने दिला होता. २५ जून २०२० पासून कर्नाटकाने दहावीची परीक्षा घेतली. सुमारे साडेआठ लाख मुले, त्यांचे व्याकूळ पालक, आणि देशातील बहुतेक राज्ये परीक्षा रद्द करीत असताना ती घेण्याचा शिक्षणमंत्री सुरेशकुमार यांचा आग्रह; न्यायालयापर्यंत वाद गेला. परीक्षा घेणे योग्य होते की नव्हते, याविषयी मतभेद राहतील. तिच्यातील एका तरतुदीचे मोल मात्र वादातीत आहे. प्रत्येक केंद्रावर ताप किंवा खोकला असलेल्या मुलांसाठी स्वतंत्र खोल्या राखून ठेवल्या होत्या, आणि जो आजारामुळे येऊ शकणार नाही त्याची पुरवणी परीक्षा हाच पहिला प्रयत्न धरला जाईल असे आधीच जाहीर केले होते. आजार सांगितल्याने मुलाचे वर्ष बुडणार नव्हते, गुणपत्रिकेवर डाग पडणार नव्हता. एका वर्गात अठरा-वीस मुले, तोंडावर स्काउट-गाइडच्या मुलामुलींनी शिवलेल्या मुखपट्ट्या, दाराशी तापमापक, आणि एवढ्या मोठ्या समुदायात परीक्षेअखेर बाधित आढळलेले विद्यार्थी ३२. ही संख्या लहान राहण्यास अनेक कारणे असतील. ताप सांगितल्याने नुकसान होणार नाही ही हमी त्यांपैकी एक होती, अशी माझी धारणा आहे.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात ‘विद्यागम’ या नावाने सरकारी शिक्षक वस्त्यांवर गेले. देवळाच्या ओवरीत, समाजमंदिरात, चिंचेखाली पंधरा-वीस मुलांचे वर्ग भरू लागले. कल्पना उत्तम होती, आणि मोकळ्या हवेतील शिक्षण हा साथीवरचा जुना व खरा उतारा आहे. क्षयाच्या भयाने बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गने १९०४ मध्ये अरण्यशाळा काढली होती. पण हे शिक्षक त्याच काळात घरोघरच्या पाहणीवर, संपर्क शोधण्याच्या कामावर आणि नाक्यांवरही नेमलेले होते. दिवसा रुग्णांच्या दारी जाणाऱ्या माणसाला मुलांच्या घोळक्यात बसविणे दोघांनाही घातक होते. शिक्षकांच्या मृत्यूच्या व मुलांना लागण झाल्याच्या वार्ता येऊ लागल्या आणि १० ऑक्टोबर २०२० रोजी योजना तहकूब झाली. सावित्रीबाईंचे स्मरण आपण भक्तिभावाने करतो, पण शिक्षकाने प्राण वेचावेत ही शासनव्यवस्थेची अपेक्षा असू शकत नाही. मुलांना निरोगी ठेवावयाचे तर शिक्षकाला आधी निरोगी ठेवले पाहिजे, हे कोणत्याही परिपत्रकाचे पहिले कलम असावयास हवे होते.

शाळा पुन्हा भरल्या तेव्हा प्रत्येक फाटकावर पिस्तुलासारखा दिसणारा तापमापक आला. त्या यंत्रावर मी एवढा विश्वास ठेवणार नाही. ते कपाळाच्या त्वचेची उष्णता मोजते. बंगळूरच्या डिसेंबरातील गार वाऱ्यात चालत आलेल्या तापकरी मुलाचे कपाळ थंड लागते, आणि उन्हातून धावत आलेल्या निरोगी मुलाचे तापलेले. शिवाय या रोगात लक्षणे दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग देऊ लागतो, आणि सकाळी तापाचे औषध पाजलेले मूल दुपारपर्यंत यंत्राला निरोगीच वाटते. खरा उपाय त्याहून स्वस्त आणि या शहराला निसर्गाने देऊन ठेवलेला आहे. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवरील या गावात बारा महिने खिडक्या उघड्या ठेवता येतात. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाला समोरासमोरच्या दोन खिडक्यांइतका अडथळा दुसरा नाही. जुन्या सरकारी शाळांचे उंच छत आणि भिंतीच्या माथ्यावरील झरोके बांधणाऱ्यांनी हे जाणले होते. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत निवासी इमारतींतून, कधी तळघरांतूनही, उघडलेल्या किती खाजगी शाळांच्या वर्गांना एकच सरकती काच आहे, हे कोणीही फिरून पाहावे. रहदारीचा धूर आणि डास या खिडकी लावून घेण्याच्या सबबी खोट्या नाहीत. डेंग्यूला कर्नाटकाने सप्टेंबर २०२४ मध्ये साथरोग म्हणून घोषित केले, इतका तो येथे बळावला आहे. परंतु डासांसाठी जाळी असते. काच लावून घेणे हा एका रोगासाठी दुसऱ्याला आमंत्रण देण्याचा प्रकार होतो.

ओमिक्रॉनचे भारतातील पहिले दोन रुग्ण २ डिसेंबर २०२१ रोजी कर्नाटकातच जाहीर झाले, आणि नव्या वर्षी ६ जानेवारीपासून बंगळूरच्या पहिली ते नववीच्या शाळा पुन्हा बंद झाल्या. या खेपेस मात्र त्या ३१ जानेवारीस उघडल्या, आणि रुग्ण आढळल्यास संपूर्ण शाळेऐवजी तेवढाच वर्ग बंद ठेवावा असे धोरण ठरले. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींना ३ जानेवारीपासून शाळा-महाविद्यालयांतच लस मिळू लागली होती. सुमारे दोन वर्षांत शासनाची नजर शहरावरून शाळेवर आणि शाळेवरून वर्गावर आली, ही प्रगती लहान नाही. यापुढचा टप्पा एकेका मुलाचा आहे.

वर्गात मूल आजारी पडले तर करावयाचे ते फार थोडे आहे, आणि ते शांतपणे करावयाचे आहे. त्याला मुखपट्टी द्यावी, खिडकी असलेल्या वेगळ्या खोलीत बसवावे, आणि एकटे ठेवू नये. ओळखीचे एक मोठे माणूस अंतर राखून त्याच्या दृष्टीसमोर असावे, कारण सहा वर्षांच्या मुलाला बंद खोली ही शिक्षाच वाटते. पाणी द्यावे, घरी निरोप धाडावा. श्वास जलद चालत असेल, बोलता बोलता धाप लागत असेल, मूल सुस्त पडत असेल किंवा पाणीही घेत नसेल, तर पालकांची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे. वर्गात परतल्यावर बाकीच्या मुलांना त्याचे नाव घेऊन काही सांगू नये. एवढ्यासाठी एक खोली, एक खाट आणि संपर्कांची अद्ययावत यादी लागते. अनेक शाळांत ही खोली म्हणजे मुख्याध्यापकांच्या दप्तराबाहेरचा बाक असतो.

सकाळी फाटकाशी मुलाला सोडताना एखादी आई हलक्या आवाजात म्हणते, “मिस, रात्री जरा अंग कोमट होतं त्याचं, पण आता बरा आहे हो,” आणि उत्तर ऐकण्याआधी बस गाठावयास वळते. तिला निष्काळजी ठरविण्यापूर्वी ती कोठे चालली आहे ते पाहावे. पीण्या, बोम्मसंद्र आणि म्हैसूर रस्त्याच्या परिसरातील वस्त्रनिर्मितीच्या कारखान्यांत लक्षावधी कामगार शिलाईयंत्रांवर बसतात आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. एक दिवस खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी जाते, आणि जेथे हजेरीभत्ता आहे तेथे तोही जातो. १९४८ च्या कायद्याने घडविलेल्या कामगार राज्य विमा योजनेत तिला स्वतःच्या आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के भरपाई मिळू शकते. तिच्या मुलाला विम्याच्या दवाखान्यात औषधही मिळते. पण मुलाच्या तापासाठी ती घरी राहिली, तर त्या दिवसाची भरपाई योजनेत बसत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीतील स्त्रीला अपत्यसंगोपनासाठी सेवाकाळात ७३० दिवसांची रजा आहे. याच शहरात, कदाचित एकाच बसने जाणाऱ्या, या दोन आयांची मुले साथीच्या काळात एकाच हवेत श्वास घेतात.

आणि शाळेची स्वतःची रीत काय सांगते? वर्षाअखेरीच्या समारंभात शंभर टक्के हजेरीचे बक्षीस देण्याची प्रथा अनेक शाळांतून चालू आहे. तापाने फणफणत असतानाही शाळा न चुकविल्याबद्दल टाळ्या मिळालेला मुलगा घरी जाऊन धाकट्या बहिणीला काय शिकवील? हजेरीपटावर हजर आणि गैरहजर एवढ्या दोनच खुणा असतात. आजारी, घरी कळविले, अशी तिसरी खूण असावी, ती मुलाच्या विरुद्ध धरली जाऊ नये, आणि एखाद्या वर्गात एका आठवड्यात त्या खुणा वाढल्या तर मुख्याध्यापकांनी जवळच्या आरोग्यकेंद्राला कळवावे. साथ येत असल्याची पहिली चाहूल कोणत्याही प्रयोगशाळेआधी त्या पटावर लागेल.

मे २०२५ च्या अखेरीस, शाळा पुन्हा उघडत असताना आणि कोविडचे रुग्ण किंचित वाढत असताना, कर्नाटकाच्या आरोग्यखात्याने परिपत्रक काढले: ताप, खोकला, सर्दी किंवा तत्सम लक्षणे असलेल्या मुलांना शाळेत पाठवू नये, असे मूल शाळेत आल्यास पालकांना कळवून त्यास घरी पाठवावे, शिक्षक व कर्मचारी यांनाही हाच नियम. या वेळी शाळा उघड्या ठेवून आजारी मुलापुरताच विचार केला गेला, याचे मला मनापासून समाधान वाटते. परिपत्रकाच्या प्रती शाळांच्या सूचनाफलकांवर लागल्या. त्यात बक्षिसांचा उल्लेख नव्हता, हजेरीपटाचा नव्हता. आणि मुलाला घरी ठेवल्यावर त्याच्याजवळ कोणी बसावयाचे, व त्या दिवसाची मजुरी कोणी द्यावयाची, हे लिहिणे आरोग्यखात्याच्या अखत्यारीत नव्हते. ते कामगारखात्याचे काम आहे. विमा योजनेत वर्षाकाठी पाच-सात दिवस मुलाच्या आजारपणासाठी मान्य करावयाचे, तर त्यासाठी दिल्लीत नियमांची दुरुस्ती लागेल, आणि ती मागणी बंगळूरच्या आरोग्यखात्याने, शिक्षणखात्याने व कामगार संघटनांनी एकत्र लिहून धाडावयास पुढच्या साथीची वाट पाहण्याचे कारण नाही.